पायाखालचा काटा: मोडलेला पाय किती टेकवायचा?

(या भागाचं लिखित रूप. लोकलमध्ये ऐकताना जे सुटलं असेल, ते इथे वाचा.)

इअरफोन नीट लावा, आणि जमलं तर बसून घ्या. कारण आजचा भाग पायांबद्दल आहे. आजचा भाग जरा माझा स्वतःचाही आहे.

तर झालं असं. दोन पावसाळ्यांपूर्वी, जुलै महिन्यात, आमच्या लालबागच्या चाळीच्या जिन्यावरून मी घसरले. लाकडी जिना, त्यावर ओल, हातात दुधाची पिशवी. शेवटच्या चार पायऱ्या मी पायाने उतरलेच नाही. नडगीचं हाड घोट्याच्या जरा वर, सांध्याजवळ मोडलं. ऑपरेशन झालं, प्लेट आणि स्क्रू बसले. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, "सहा आठवडे कुबड्या घ्यायच्या. पाय टेकवा, पण त्याच्यावर वीस किलोपेक्षा जास्त भार नको."

मी मान हलवली. घरी आल्यावर डोक्यात प्रश्न आला: वीस किलो म्हणजे किती? भाजी घेताना अर्धा किलो आणि पाव किलो हाताला कळतात. पण पायाला वीस किलो कसे कळणार?

हा प्रश्न मी आईला विचारला, तर ती हसली. म्हणाली, "आबांनी पण हेच विचारलं होतं." आणि कपाटातून एक पत्र्याची डबी काढली.

डबीत काय होतं ते सांगते. पण आधी थोडं मागे जाऊया. थोडं म्हणजे बरंच मागे.

मातीचा गोळा, मीठ आणि दगड

हाडं माणूस पहिल्यापासून मोडून घेत आलाय. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांवर एक अख्खा अध्याय आहे. वड, पिंपळ, पळस अशा झाडांच्या सालीच्या पट्ट्या बांधायच्या, पाय मोडला असेल तर माणसाला फळीवर जखडून झोपवायचं, हे सगळं त्यात आहे. पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हाताबद्दलची आहे. तळहाताचं हाड जुळून आलं की रुग्णाला आधी मातीचा गोळा धरायला द्यायचा. मग सैंधव मिठाचा खडा. आणि हातात बळ आलं की दगड.

कळलं का? भार हळूहळू वाढवत न्यायचा. वजनकाटा नाही, किलो नाही. माती, मीठ, दगड, अशी तीन टप्प्यांची मोजपट्टी. आज फिजिओथेरपिस्ट जे करतात त्याचं हे मूळ तत्त्वच आहे.

पुढे १८५० च्या सुमारास मथायसेन नावाच्या डच लष्करी डॉक्टरने कापडाच्या पट्टीत प्लास्टर ऑफ पॅरिस भरून ती ओली करून गुंडाळायची युक्ती काढली. आपण 'प्लास्टर घातलं' म्हणतो ते इथून आलं. हाड हलेनासं झालं. पण मग दुसरा त्रास सुरू झाला. महिनोन्‌महिने न हललेला पाय बारीक व्हायचा, गुडघा आखडायचा, हाड ठिसूळ व्हायचं.

असं का होतं, याचं उत्तर बर्लिनच्या यूलियस वोल्फने १८९२ साली एका पुस्तकात मांडलं. त्याचं म्हणणं साधं होतं: हाड म्हणजे दगडी खांब नव्हे. ते जिवंत आहे, आणि त्याच्यावर जसा भार पडतो तसं ते स्वतःला घडवतं. भार पडला की घट्ट होतं, भार गेला की झिजतं. अंतराळवीरांची हाडं अंतराळात का झिजतात, तर याचमुळे.

म्हणजे बघा, पेच कसा आहे. भार दिला नाही तर हाड कमजोर. जास्त दिला तर जुळलेलं सरकतं, नाहीतर आतली प्लेट तुटते. प्लेट लोखंडी असली म्हणून काय झालं? तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटतेच ना. प्लेट बसली त्या दिवसापासून एक शर्यत सुरू असते: आधी हाड जुळतंय, की आधी धातू थकतोय. वीस किलोचा आकडा असतो तो या शर्यतीसाठी.

व्हिएन्ना आणि परळ

आता १९२५ सालात या. डिसेंबरमध्ये व्हिएन्नात लोरेन्झ बोलर नावाच्या सर्जनने फक्त अपघातांसाठीचं एक रुग्णालय सुरू केलं. त्याला पैसे कुणी दिले? कामगारांच्या अपघात विमा संस्थेने. बोलरचा मुद्दा हिशेबाचा होता. हाड नीट जुळवलं तर कामगार लवकर कामावर जातो, आणि विमा संस्थेला आयुष्यभर पेन्शन द्यावी लागत नाही. त्याने मोजमाप, नोंदी आणि प्लास्टरमध्येच रुग्णाला चालतं करणं, यांची शिस्तच घालून दिली.

आणि जवळजवळ त्याच वेळी आपल्या परळमध्ये काय चाललं होतं? १९२६ साली केईएम रुग्णालय उभं राहिलं. त्याला जोडलेल्या मेडिकल कॉलेजसाठी सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी देणगी दिली, ती एका अटीवर: इथे शिकवणारे डॉक्टर भारतीयच असले पाहिजेत. सभोवती गिरण्यांच्या चिमण्या, आणि चिमण्यांच्या सावलीत चाळी. पट्ट्यात अडकलेले हात, जिन्यावरून पडलेले पाय, ट्रामखाली आलेले पाय. गिरणगावाला हाडांच्या डॉक्टरची गरज किती होती, हे काही वेगळं सांगायला नको. त्याआधी लोक जायचे हाडवैद्याकडे, बांबूच्या कामट्या बांधून घ्यायला. नंतरही बरेच जायचे.

मग पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला पोलिओच्या साथीने एक नवीनच प्रश्न उभा केला. जीव वाचलेल्या मुलांना पुन्हा चालायला कोण शिकवणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने केईएममध्ये फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली. ती भारतातली पहिली. १९५५ मध्ये हाजीअलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आली. 'हाड जोडलं की काम संपलं' असं नसतं, त्यानंतर चालायला शिकवावं लागतं, हे या शहराला याच पट्ट्यात कळलं.

आणि इथेच आमचे आबा येतात.

भविष्य सांगणारा काटा

आबा, म्हणजे माझे आजोबा, गिरणीत बदली कामगार. बदली म्हणजे काय, तर रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं. कायम कामगार आला नसेल तर त्याच्या जागी तुम्हाला काम. गेटवर दिसला नाहीत, तर तुमचा नंबर दुसऱ्याला.

१९७९ साली आबा याच जिन्यावरून पडले. हो, याच! आमच्या घराण्यात जिन्याची परंपरा आहे. नडगी मोडली. मांडीपर्यंत प्लास्टर. काही आठवड्यांनी ते काढून छोटं घातलं, आणि फिजिओबाईंनी वजनकाट्यावर उभं करून दाखवलं: एक पाय काट्यावर, दुसरा बाजूच्या पाटावर, हात कुबड्यांवर. काटा वीसवर आला की थांबा. हा वीसचा अंदाज लक्षात ठेवा आणि तसंच चाला.

घरी वजनकाटा कुठला? पण चाळीसमोरच्या एका इराणी हॉटेलाच्या दारात ते मशीन होतं. तुम्ही कदाचित रेल्वे स्टेशनवर पाहिलं असेल: लाल-पांढरं चक्र फिरतं, दिवे लुकलुकतात, नाणं टाकलं की जाड पुठ्ठ्याचं छोटं तिकीट बाहेर येतं. एका बाजूला वजन आणि भविष्य, दुसऱ्या बाजूला सिनेमातल्या नटनटीचा फोटो.

आबा दर दोन-तीन दिवसांनी बसून बसून जिना उतरायचे, मशीनवर फक्त मोडका पाय ठेवायचे आणि नाणं टाकायचे. पत्र्याच्या डबीत तीच तिकिटं होती. वीस किलो. बावीस. अठरा. वीस. पुढे तीस. आणि प्रत्येकावर भविष्य! अठरा किलोच्या माणसाला मशीन सांगतंय की तुमच्या हातून मोठी कामं होतील. (मी हे वाचून खूप हसले होते.)

माझ्यासाठी ती तिकिटं म्हणजे इतिहासाची कागदपत्रंच आहेत. एका गिरणी कामगाराने स्वतःच्या पायाची ठेवलेली नोंद.

पण शेवटची तिकिटं जवळजवळ ठेवून पाहिली की एक गोष्ट दिसते. तीसनंतर एकदम अठ्ठावन्न. मधले आकडेच नाहीत. अठ्ठावन्न म्हणजे आबांचं पूर्ण वजन.

आईने कारण सांगितलं. आजारपणाचा विम्याचा पैसा मिळायचा, पण पगाराच्या निम्म्याच्या आसपास. घरात खाणारी तोंडं सात. आणि गेटवर नंबर जायची भीती. आबांनी कुबड्या घरी ठेवल्या आणि गेटवर जाऊन उभे राहिले. पुढे त्यांचं हाड जुळलं, पण जरा वाकडं. एक पाय किंचित आखूड. लवकर भार दिला म्हणूनच तसं झालं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. हाड वाकडं जुळायला इतरही कारणं असतात. पण आबा ते आयुष्यभर तसंच मानत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. ज्या गेटसाठी त्यांनी पाय टेकवला, त्या गेटच्या आत ते पुन्हा कधी गेले नाहीत.

बुटातला पहिला सेन्सर

आता आबांच्या काट्यात एक तांत्रिक गोची होती, ती समजून घेऊ. वजनकाटा मोजतो उभं असतानाचा भार. चालताना शरीर पायावर येऊन पडतं. साधं चालतानासुद्धा एका पायावर क्षणभर आपल्या वजनापेक्षा दहा-वीस टक्के जास्त भार येतो. म्हणजे काट्यावर उभं राहून शिकलेले वीस, चालताना वीस राहतीलच असं नाही. नंतरच्या अभ्यासांत हेच पुन्हापुन्हा दिसलं: बहुतेक रुग्ण सांगितल्यापेक्षा जास्त भार टाकतात, आणि त्यांना ते कळतही नाही.

मग चालतानाच मोजायचं तर? ही कल्पना स्मार्टवॉचपेक्षा खूप जुनी आहे. पॅरिसमध्ये एत्येन-ज्यूल मारे नावाचा शास्त्रज्ञ होता. त्याने आणि त्याचा विद्यार्थी कार्ले याने १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला बुटाच्या तळव्यात हवेची पोकळी बसवली. पाऊल टेकलं की हवा दाबली जायची, रबरी नळीतून ती वर जायची, आणि काजळी धरलेल्या कागदावर एक टोक रेघ ओढायचं. हे यंत्र चालणारा माणूस स्वतःच्या हातात घेऊन चालायचा. अंगावर घालायचा सेन्सर, दीडशे वर्षांपूर्वीचा!

दुसरी गोष्ट आपल्या जास्त जवळची आहे. पॉल ब्रँड, तमिळनाडूतल्या डोंगरात जन्मलेला इंग्रज सर्जन. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करताना त्याला कळलं की रुग्णांचे पाय झडतात त्याचं मोठं कारण बधिरपणा आहे. दुखत नाही, म्हणून जखमेवरच ते चालत राहतात. मुंबईकरांना हे नवीन नाही. आपल्या वडाळ्यात अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय १८९० पासून आहे.

पुढे अमेरिकेत कारव्हिलला गेल्यावर ब्रँड आणि सहकाऱ्यांनी असा मोजा बनवला, ज्यात रंगाच्या अतिसूक्ष्म कुप्या होत्या. दाब जास्त पडला की कुप्या फुटायच्या आणि मोज्यावर डाग उमटायचा. मग त्यांनी इलेक्ट्रॉनिक सेन्सर लावले, दाब वाढला की कानात आवाज. झालं काय? लोक आवाजाकडे दुर्लक्ष करायला लागले. मग विजेचा झटका दिला. तर लोक अवघड काम करायच्या आधी यंत्र बंद करायचे, काम उरकायचे, आणि पुन्हा सुरू करायचे. ब्रँडने यावरून काढलेला निष्कर्ष मी विसरू शकत नाही: वेदनेचं काम वेदनाच करू शकते, कारण तिचं बटण आपल्या हातात नसतं.

तुमच्या फोनवर 'आज चालला नाहीत' अशी सूचना येते, तेव्हा तुम्ही काय करता? बाजूला सरकवता ना? बस, तेच.

माझा वीस किलोचा प्रयोग

आज बुटात घालायचे सेन्सरवाले तळवे मिळतात. आत पातळ पट्ट्या असतात, ज्यांचा विद्युत गुणधर्म दाबानुसार बदलतो. एका प्रकारात दाब वाढला की विजेला होणारा अडथळा कमी होतो. हे बदल मोजून ब्लूटूथने फोनवर आलेख येतो. पण हे तळवे महाग असतात. माझी एक मैत्रीण बायोमेडिकल इंजिनिअरिंग करते. तिने चार सुटे सेन्सर आणि एक छोटा बोर्ड माझ्या कॅनव्हासच्या बुटात बसवला. प्रमाण ठरवायला आम्ही वीस लिटरचा पाण्याचा जार वापरला. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो, अगदी सोपं! माझ्या फिजिओला आधी विचारलं. ती म्हणाली, गंमत म्हणून बघ, पण कुबड्या सोडायच्या नाहीत.

पहिल्याच दिवशी आलेख बघून मी गप्प झाले. काट्यावर अगदी वीसवर थांबणारी मी, चालताना कधी तीस, कधी पस्तीस. आणि सगळ्यात उंच टोकं रोज एकाच वेळी: सकाळी साडेसहा ते सात. तेव्हा मी काय करत असते? गॅलरीच्या टोकाला संडासच्या रांगेत. मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांचे संडास एकाच टोकाला. मागे लोक ताटकळलेत म्हटल्यावर पाय आपोआप भरभर पडतो.

दुसरी गोष्ट आणखी मजेशीर. घरातला आलेख रिकामा! कारण घरात मी बूट घालतच नाही. तुम्ही घालता? मोरीत, ओट्यापाशी, देवापाशी अनवाणीच. माझं निम्मं चालणं सेन्सरला दिसतच नव्हतं. तळवा बनवणाऱ्याने असं घर गृहीत धरलंय, जिथे लोक बूट घालून स्वयंपाकघरात वावरतात. आमच्याकडे उंबरठ्याच्या आत सेन्सर आंधळा.

माझा जुगाडू सेन्सर अचूक नव्हता, हेही सांगते. घामाने, उन्हाने आकडे सरकायचे. म्हणून कृपा करून हे घरी करून स्वतःचे उपचार ठरवू नका. किती भार द्यायचा, हे तुमचं हाड बघितलेला डॉक्टरच सांगणार.

मग आकड्याचा उपयोग काय?

वैद्यकशास्त्रही याबाबत बदलत आलंय. १९६७ साली मायामीत सार्मिएन्तो यांनी गुडघ्याखालचं असं प्लास्टर मांडलं की नडगी मोडलेला माणूस त्यात लवकर चालू शकेल. १९८५ साली इंग्लंडमध्ये गुडशिप आणि केनराइट यांनी मेंढ्यांवर दाखवलं की मोडलेल्या जागी अगदी सूक्ष्म हालचाल होऊ दिली तर हाड जास्त चांगलं जुळतं. १९९८ साली न्यूयॉर्कच्या कोवाल आणि सहकाऱ्यांनी खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांना सांगितलं, झेपेल तेवढा भार टाका. त्या आजी-आजोबांनी आपणहून सुरुवातीला कमी टाकला आणि आठवड्यागणिक वाढवला. त्यांच्या शरीरातच काटा होता. म्हणून आज खुब्याच्या बऱ्याच रुग्णांना ऑपरेशननंतर लगेच उभं करतात.

पण सगळ्यांचा काटा चालू नसतो. मधुमेहाने पाय बधिर झालेला माणूस, वेदनाशामक गोळ्यांवर असलेला माणूस, सांध्याजवळ मोडलेलं हाड. तिथे बाहेरचा सेन्सर कामाचा. आणि त्याचा खरा फायदा ओरडण्यात नाही, नोंद ठेवण्यात आहे. भार आठवड्यामागून आठवडा वाढतोय का, की मध्येच अडकलाय? अडकला असेल तर हाड जुळत नसेल, अशी शंका डॉक्टरला आधीच येऊ शकते. जर्मनीच्या सारलँड विद्यापीठात तर हाडावरची प्लेटच हे जाणून घेईल, अशा इम्प्लांटवर काम चालू आहे.

माझा पाय आता बरा आहे. सहा आठवडे मला मिळाले, कारण माझ्या ऑफिसने घरून काम करू दिलं. सकाळची रांगसुद्धा आलेख बघून मी सोडली, सात वाजल्यानंतर जायला लागले. सेन्सरमुळे मला एवढं नक्की कळलं.

पण आबांचं काय? रात्री डबी घेऊन बसले की मला हाच विचार येतो. आबांना आकडा माहीत होता. त्यांच्याकडे तिकिटांवर छापलेला पुरावा होता. तीसनंतर पस्तीस, मग चाळीस, हे त्यांना कळत होतं. कमी होते ते आठवडे. बुटात कितीही चांगला सेन्सर असता, तरी गेटवर नंबर धरून ठेवायला तो गेला नसता. आज आमच्याच गल्लीत डिलिव्हरी करणारी मुलं बाइकवरून पडतात आणि महिन्याच्या आत पुन्हा बाइकवर दिसतात. त्यांना कुणी वीस किलो सांगितलं नसेल असं मला वाटत नाही.

आणखी एक. माझा आलेख ज्या फोनमध्ये होता तो बिघडला, डेटा गेला. आबांची तिकिटं मात्र डबीत आहेत. अठ्ठावन्नच्या तिकिटावरचं भविष्य सांगू? त्यावर लिहिलंय, प्रवासाचा योग आहे.

तर मंडळी, आज घरी गेलात की आजी-आजोबांना विचारा: तुमचं कधी हाड मोडलं होतं का, आणि किती दिवसांनी कामावर गेलात? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. आणि ओल्या जिन्यावर कठडा धरून उतरा, दूध सांडलं तरी चालेल.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, पाय जपा!